फॉरवर्ड होणारी क्लिप आणि आठ पडदे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ आर्टवर, म्हणजे गॅलरीत पडद्यांवर चालवायच्या व्हिडिओंतून केलेल्या कलेवर, लेख आला होता, बायकांवरच्या लैंगिक हिंसेवर काम करणाऱ्या कलाकारांबद्दल, आणि त्यानंतर काही आठवडे वाचकांची पत्रं येत राहिली. बहुतेकांचा सूर एकच, की हे असलं गॅलरीत दाखवायची गरजच काय, बलात्कार हा काय कलेचा विषय आहे का, त्यासाठी पोलीस आहेत कोर्ट आहे. एका गृहस्थांनी तर लिहिलंय की हे कलाकार दुसऱ्याच्या दुःखावर परदेशात नाव कमावतात. मी शाळेत चित्रकला शिकवते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांची तयारी करून घेते, समीक्षा वगैरे माझं काम नाही. पण ज्या कामांबद्दल बोलणं चाललंय त्यातली काही मी बघितलीत, काहींबद्दल वाचलंय, आणि पत्रं लिहिणाऱ्यांनी ती बघितलेली नसावीत असं पत्रं वाचून स्पष्ट दिसतं. म्हणून हे लिहितेय. लांब झालंय, कुठे कापायचं ते कापा पण मणिपूरचा भाग तेवढा कापू नका.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते. लोकांना वाटतं की अशा व्हिडिओत ते 'सगळं' दाखवलेलं असणार. नसतं. फिल्मकार अमर कंवर यांचं 'द लाइटनिंग टेस्टिमनीज' हे 2007 सालचं काम घ्या, जर्मनीत कासेल शहरात डॉक्युमेंटा नावाचं मोठं प्रदर्शन भरतं तिथे ते दाखवलं गेलं. फाळणीपासून 1971 चं बांगलादेश, 2002 चं गुजरात, नागालँड, मणिपूर, आपल्या उपखंडात बायकांवर जे जे झालं त्याचं हे काम, आणि ते आठ पडद्यांवर एकाच वेळी चालतं. एका पडद्याकडे बघावं तर सात निसटतात. आपणच ठरवायचं की आत्ता कुणाकडे बघायचं, कुणाला ऐकायचं, आणि ठरवताना आपल्याला कळतं की बाकीच्यांकडे आपण पाठ केलीय. शेवटाकडे ते सगळे पडदे एकत्र येतात. मी बघितलंय ते त्याचं एका पडद्यावरचं रूप, जवळपास दोन तासांची फिल्म, एका फिल्म सोसायटीच्या शोला, आणि त्या दोन तासांत मी मारहाण बघितली नाही, फाटलेले कपडे बघितले नाहीत, अंगावरच्या जखमा बघितल्या नाहीत. झाडं, घरं, एक निळी खिडकी, विणलेलं कापड असं दिसत राहतं. बाई गप्प बसली तरी तिच्या घराची खिडकी तिथेच असते, झाड तिथेच असतं, आणि कॅमेरा त्या झाडाजवळ थांबतो, खूप वेळ थांबतो.

त्या कापडाबद्दल थोडं सांगायला हवं. मणिपूरमध्ये उखरुल जिल्हा आहे, तांगखुल नागा लोकांचा. तिथल्या एका गावात 1986 साली लष्कराच्या लोकांनी एका मुलीवर जबरदस्ती करायचा प्रयत्न केला, तिने विरोध केला म्हणून तिला गोळी घालून मारलं. त्यानंतर जमथिंगला रुइवा नावाच्या बाईंनी तिच्यासाठी एक कशान विणलं, कशान म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात ते वस्त्र. त्याच्या नक्षीत तिची गोष्ट आहे, ते तिच्याच नावाने ओळखलं जातं आणि तांगखुल बायका ते आजही विणतात, नेसतात. आता तुम्हीच सांगा, कुठल्या कोर्टाच्या निकालपत्राने हे काम केलं असतं? कोर्ट हवंच, त्याबद्दल वादच नाही. पण जिथे निकाल यायला वर्षानुवर्षं लागतात, किंवा येतच नाही, तिथे माणसं काहीतरी करून आठवण धरून ठेवतातच, आणि कलाकार तिथे जाऊन ते नीट बघतो, आपल्यापर्यंत आणतो. 'दुसऱ्याच्या दुःखावर नाव कमावणं' म्हणणाऱ्यांनी एकदा हे कापड डोळ्यांपुढे आणावं.

आता मणिपूरच. 4 मे 2023 ला कांगपोक्पी जिल्ह्यात दोन बायकांची विवस्त्र धिंड काढली गेली. तिथे इंटरनेट बंद होतं त्यामुळे तो व्हिडिओ बाहेर यायला 19 जुलै उजाडला, दुसऱ्या दिवशी सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, आणि मधल्या अडीच महिन्यांत काय झालं असेल त्या दोघींचं याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो. त्या दिवसांत आमच्या स्टाफरूममध्ये मोबाईल या हातातून त्या हातात फिरत होता, बघितलंस का बघितलंस का, आणि सगळे चांगले लोक, कुणी वाईट नव्हे, खरोखर हळहळणारे. मला दाखवायला आणला तेव्हा मी नको म्हटलं, तर एक सर म्हणाले की मॅडम तुम्ही डोळे मिटून घेता म्हणून असं होतं. मी तेव्हा पण म्हटलं आणि आता पण म्हणते, तो व्हिडिओ काढणारा माणूस त्या गर्दीतलाच होता, त्याने तो धिंड काढणाऱ्यांच्या बाजूला उभं राहून काढला, आणि तो बघताना आपला डोळा त्याच्याच डोळ्याच्या जागी जाऊन बसतो. पोलिसांसाठी तो पुरावा आहे, कोर्टासाठी पुरावा आहे, त्याच्यामुळेच देश हलला हेही खरं, पण आठशे ग्रुपवर फिरवणाऱ्यांसाठी तो काय आहे? त्या बायकांची धिंड पुन्हा पुन्हा काढली जातेय, फक्त रस्ता आता आपल्या मोबाईलमधून जातो.

आणि याच मणिपूरमध्ये 15 जुलै 2004 ला काय झालं होतं. इंफाळच्या कांगला किल्ल्यात तेव्हा आसाम रायफल्सचं ठाणं होतं. ताब्यात घेतलेल्या एका तरुणीचा मृतदेह गोळ्या लागलेल्या अवस्थेत सापडला आणि तिच्यावर अत्याचार झाल्याचा आरोप होता, तर बारा बायका, तिकडे त्यांना इमा म्हणजे आई म्हणतात, पन्नाशी-साठीच्या, किल्ल्याच्या दरवाज्यापुढे गेल्या, अंगावरचे कपडे उतरवले आणि 'इंडियन आर्मी रेप अस' असा बॅनर धरून उभ्या राहिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कांगला राज्य सरकारच्या ताब्यात दिला गेला. त्याच्या चार वर्षं आधी, 2000 साली, नाट्यदिग्दर्शक कन्हाईलाल यांच्या कलाक्षेत्र मणिपूर या नाट्यसंस्थेने बंगाली लेखिका महाश्वेता देवींच्या 'द्रौपदी' कथेवर नाटक केलं होतं, त्यात सावित्री हैस्नाम, म्हणजे त्यांच्या पत्नी, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या, शेवटच्या प्रसंगात लष्करी अधिकाऱ्यासमोर विवस्त्र उभ्या राहायच्या. खूप गदारोळ झाला होता तेव्हा. कथेतली ती दोपदी, तिच्यावर सामूहिक अत्याचार झाल्यावर कपडे घालायला नकार देते आणि अधिकाऱ्याकडे चालत जाते, आणि तिथे पहिल्यांदा तो अधिकारी घाबरतो. नि:शस्त्र बाईला घाबरतो.

तीच विवस्त्र बाई, तेच राज्य, पण 2004 च्या त्या उघड्या अंगाकडे बघताना मान खाली जाते ती सरकारची आणि सैन्याची, आणि 2023 च्या क्लिपमध्ये मान खाली घालायला लावली जाते ती त्या दोघींची. कोण दाखवतंय, कुणाच्या मर्जीने दाखवतंय, आणि बघणाऱ्याला कुठे उभं केलंय, सगळा फरक इथे आहे. लैंगिक हिंसेवरचं चांगलं व्हिडिओ आर्ट हेच काम करतं, बघणाऱ्याची जागा बदलतं. म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं, आणि म्हणून हा कलेचा विषय आहे, अगदी पहिल्या नंबरचा.

याच वाटेवरच्या चित्रकार नलिनी मालानींबद्दल तर मुंबईकरांना तरी माहीत असायला हवं. जन्म कराचीचा, 1946, फाळणीत कुटुंब इकडे आलं, शिकल्या आपल्या जे. जे. स्कूलमध्ये. 2023 ला त्यांना जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला, केवढा मोठा मान, आणि आपल्याकडे किती पेपरांत पहिल्या पानावर आलं? जाऊ दे. परदेशात नाव कमावतात म्हणणाऱ्यांसाठी सांगते, 1993 साली मॅक्सम्युलर भवनात त्यांनी अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्याबरोबर 'मेडिया' हा नाट्यप्रयोग केला, मुंबईत. 1998 ला पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर मंटोंच्या फाळणीवरच्या कथेवरून 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' केलं, ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जिथे सहलीच्या बस येतात आणि गावाकडून आलेले लोक मुलांना घेऊन येतात. त्यात जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका आणि ट्रंकांमध्ये टीव्ही, आणि समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका, दोघी मिळून एक साडी घडी करायचा प्रयत्न करताहेत, मधे अख्खी खोली आहे, बघणारे त्या मधल्या जागेत. आणखी किती घराजवळ आणायचं कलाकाराने?

पण मला जास्त बोलायचंय ते त्यांच्या 2005 च्या 'मदर इंडिया: ट्रान्झॅक्शन्स इन द कन्स्ट्रक्शन ऑफ पेन' बद्दल. पाच पडदे, जेमतेम पाच मिनिटं. वीणा दास या समाजशास्त्रज्ञ बाईंच्या एका निबंधातून ते निघालं, विषय फाळणीतल्या पळवून नेलेल्या बायका आणि पुढे 2002 चं गुजरात. फाळणीत साधारण 75 हजार बायका पळवल्या गेल्या असं सांगतात. आपल्याला शाळेत शिकवलेलं नसतं ते पुढचं आहे. 1949 मध्ये आपल्या संविधान सभेने, तेव्हा संसदेचं काम तीच करायची, कायदा केला, पळवलेल्या व्यक्तींना शोधून परत पाठवण्याचा. त्यात 'पळवलेली व्यक्ती' कोण, तर 16 वर्षांखालचा मुलगा, आणि कुठल्याही वयाची स्त्री. कुठल्याही वयाची! म्हणजे चाळीस वर्षांची बाई म्हणाली की मला आता इथेच राहायचंय, माझी इथे मुलं आहेत, तर तिचं म्हणणं धरायलाच हवं असं बंधन कुणावर नव्हतं, ठरवणार सरकार. पळवणाऱ्यांनीही तिला विचारलं नाही आणि सोडवणाऱ्यांनीही विचारलं नाही. दोन्ही देशांना आपापल्या इज्जतीचा हिशोब पुरा करायचा होता. काहींना सोडवलं गेलं ते खरोखर सोडवणं होतं हे मी नाकारत नाही, पण बाईच्या अंगावर देशाचा नकाशा काढला की काय होतं हे मला त्या कामाने जितकं कळवलं तितकं इतिहासाच्या धड्याने कधी कळवलं नाही. भारतमातेची चित्रं मी स्वतः मुलांकडून दर पंधरा ऑगस्टला काढून घेते, पुढेही घेईन, पण आता मुलांशी बोलून घेते.

महाराष्ट्राचा काय संबंध असं कुणी म्हणेल, तर मथुरा बलात्कार प्रकरण आठवा. 1972, देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोलीत आहे. आदिवासी मुलगी, पोलीस ठाण्यात दोन पोलीस. मथुरा हे नाव कागदोपत्री रूढ झालं म्हणून वापरतेय. सेशन कोर्टाने पोलिसांना सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, सुप्रीम कोर्टाने 1978 मध्ये पुन्हा सोडलं. कारण काय तर तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही. अंगावर गणवेश असलेला माणूस, रात्रीची वेळ, बंद ठाणं, त्यात ती पोर, आणि तिने ओरडायला हवं होतं! 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या, मुंबईत फोरम अगेन्स्ट रेप उभं राहिलं आणि 1983 ला कायदा बदलला, ताब्यात असताना होणारा बलात्कार हा वेगळा गुन्हा झाला. म्हणजे 'कोर्ट आहे ना' म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं की कोर्टालाही बघायला शिकवावं लागलं होतं, आणि ते बाहेरच्या माणसांनी शिकवलं. तेव्हा एका पत्राने केलं, निदर्शनांनी केलं, पथनाट्यांनी केलं. आज त्यात व्हिडिओ आहे.

मालानींचं आणखी एक काम, 'कॅन यू हिअर मी?', 2018 ते 2020 मध्ये झालेलं. आयपॅडवर बोटाने काढलेली 88 छोटी अॅनिमेशन, लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत नऊ प्रोजेक्टरांतून भिंतभर एकावर एक धावायची. उगम जम्मूतल्या कठुआचा, जानेवारी 2018, आठ वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिला मारलं गेलं तो. त्यात रेघोट्या आहेत, खोडलेलं आहे, पुन्हा काढलेलं आहे, अक्षरं येतात जातात, एखादी मुलगी दोरीवरच्या उड्या मारतेय असं वाटतं तोवर ती चित्राखाली जाते. चित्रकला शिकवणारी म्हणून सांगते, मुलं जेव्हा घाबरलेली असतात तेव्हा असंच काढतात आणि असंच खोडतात. तिचा चेहरा कुठेच नाही. आता याच प्रकरणात पेपरांनी आणि चॅनेलनी काय केलं ते आठवा, त्या मुलीचं नाव छापलं, फोटो छापला, इतका की दिल्ली हायकोर्टाने बारा माध्यम कंपन्यांना प्रत्येकी 10 लाख रुपये भरायला लावले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा बजावलं की पीडिता हयात नसली तरी नाव छापायचं नाही. आरोपींच्या बाजूने तिरंगा घेऊन मोर्चा निघाला होता, दोन मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, पुढे 10 जून 2019 ला पठाणकोटच्या कोर्टाने सहा जणांना दोषी धरलं, त्यात पुरावे नष्ट करणारे पोलीसही होते. हे सगळं सत्तेबद्दल आहे, जात-धर्म-जमीन-खाकी याबद्दल आहे. पण आपण सगळ्यांनी बघितलं काय, तर तिचा तो जांभळ्या कपड्यातला फोटो.

म्हणून संपादक साहेब, आता थोडं तुमच्याबद्दल, रागावू नका. बलात्काराची बातमी आली की तिच्या शेजारी एक चित्र असतं, तुमच्याच नाही सगळ्याच पेपरांत, कोपऱ्यात गुडघ्यात मान घालून बसलेली मुलगी, चेहऱ्यावर हात, मागे भिंतीवर मोठी सावली. वर्षानुवर्षं तेच चित्र. आमच्या शाळेत 'स्त्री अत्याचार' असा पोस्टरचा विषय दिला की मुली हुबेहूब तेच काढून आणतात, मुलंही तेच काढतात, चौथीतली सातवीतली सगळी, कारण त्यांनी तेच बघितलंय. हल्ला करणारा फक्त सावली, त्याला ना नाक ना डोळे, ना त्याची खुर्ची ना त्याचा गणवेश. लाजेने मान घातलेली आहे तिने. मी मुलांना म्हटलं की तिला काढायचंच नाही असं ठरवून पोस्टर करा, तर आधी वर्ग गोंधळला, मग एकाने बघ्यांची रांग काढली, एकीने बंद दार आणि दाराबाहेर चपलांचा ढीग काढला, नववीतली मुलगी आहे, तिने अमर कंवर हे नाव ऐकलेलंही नाही. तुमच्याकडे चित्रकार आहेत, आमच्यापेक्षा किती तरी चांगले, त्यांना एवढं सांगा की ते चित्र आता बंद.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे आणि तो कुणी पत्रात नीट मांडला नाही. ही कामं बघायला मिळत नाहीत. काळ्या खोलीत प्रोजेक्टर, दारात सिक्युरिटी, बाहेर इंग्रजीत छापलेली भलीमोठी पाटी, आणि आत जाणारे सगळे एकमेकांना ओळखणारे. मुंबईत काळा घोड्याच्या पलीकडे काही येत नाही, नागपूर-छत्रपती संभाजीनगरला तर विचारूच नका. ज्या देसाईगंजमुळे कायदा बदलला तिथल्या मुलीला हे कधी दिसणार? आणि दुसरं, ज्या बाईवर स्वतःवर काही झालंय ती जर चुकून अशा खोलीत शिरली तर तिचं काय, तिच्यासाठी बाहेर आधी मराठीत स्पष्ट लिहिलेलं हवं की आत काय आहे, बाहेर पडायची वाट दिसेल अशी हवी, बसायला बाक हवा आणि कुणीतरी बोलणारं माणूस हवं. हे फार खर्चाचं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सांस्कृतिक भवनं आहेत, वर्षभर लग्नाच्या रिसेप्शनला देतात, त्यातले चार दिवस द्या. गणपतीत आपण देखाव्यांसाठी एवढा अंधार, एवढा प्रकाश, एवढा आवाज करतो, ते करणारी पोरं प्रोजेक्टर लावायला कुठल्याही गॅलरीवाल्यापेक्षा तयार आहेत.

आणि पुरुषांनी यावं. मी फिल्म सोसायटीत बघितलं तेव्हा पुरुष होते, शेवटपर्यंत बसले होते, एकजण नंतर जिन्यात नुसताच उभा होता, मी काही विचारलं नाही. पण अशा शोचं आमंत्रण नेहमी महिला मंडळाला आणि महिला दिनाला येतं, आठ मार्चच्या आसपास, जणू ही आमची घरातली अडचण आहे. मथुरा प्रकरणात ठाण्यात दोन पुरुष होते, कठुआत आठ आरोपी पुरुष होते, मणिपूरच्या त्या गर्दीत बघणारे शेकड्याने होते. बोलणं त्यांच्याशीच करायचंय.

आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी अशा कामावर लेख छापाल तर एवढं करा: ते कुठे चालू आहे, किती वाजेपर्यंत, तिकीट आहे की फुकट, किती मिनिटांचं आहे आणि किती वयाच्या पुढच्या मुलांना नेता येईल ते खाली मराठीत द्या. बायकांसाठीच्या हेल्पलाइनचा 181 आणि लहान मुलांसाठीचा 1098 हे नंबरही तिथेच द्या, ते प्रत्येक अत्याचाराच्या बातमीखाली दिलेत तर आणखी चांगलं. आमच्या शाळेची नववी आणायची जबाबदारी माझी, मुलगे आणि मुली दोन्ही.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका, ठाणे